पुंगळीच्या तळाशी

बंदुकीची पावडर करडी असते, हे मला आयर्लंडमध्ये गॉलवेला आल्यावर कळलं. तोपर्यंत मी पाहिलेली सगळी काळी होती. माझे वडील पुण्याबाहेरच्या एका दगडखाणीत सुरुंग भरायचे. दुपारी बार उडवायच्या आधी शिट्टी व्हायची, कुणीतरी लाल फडकं हलवायचं आणि वस्तीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. सकाळी किती भोकं भरली ते सगळ्यांना माहीत असायचं. तेवढे आवाज झाले की बाया आत जायच्या आणि भाकरी पुन्हा तव्यावर पडायची. एखादा आवाज कमी झाला तर बाया दारातच उभ्या राहायच्या. न उडालेला बार दगडात तसाच बसलेला असायचा, आणि तो कुणाला तरी काढावा लागायचा. बऱ्याचदा माझ्या वडिलांनाच.

त्यामुळे मी मोजत मोठी झाले. लहान मुलं अंगठा चोखतात तशी मी आवाज मोजते. जिन्यावरची पावलं, प्रिंटरमधून बाहेर पडणारे कागद, शेजारच्या गाडीची दारं. ठरवून नाही करत. ते आपोआप चालतं आणि मधेच केव्हातरी माझ्या लक्षात येतं की आपण मोजतो आहोत.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. परदेशात शिकायला येणं तर वस्तीतही कुणाला नीट समजलेलं नव्हतं. आई अजूनही सांगते, 'ती ट्रेनिंगला गेली आहे.' मी इथे शरीरात बसवायच्या वैद्यकीय उपकरणांचा अभ्यास करते. गॉलवेत त्याचे कारखाने बरेच आहेत, त्यामुळे शिकून झाल्यावर काम मिळेल असं सगळे म्हणतात. खोली मात्र मिळत नाही. मी आल्यावर पहिले काही आठवडे एका मराठी इंजिनियर जोडप्याच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होते. त्यातले दादा एका उपकरणांच्या कारखान्यात आहेत. त्यांनीच ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने मला बाईंच्या घरातली वरची खोली मिळवून दिली.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच मला तसं बजावलं होतं. मी तोंडाने त्यांचं नाव घेते, पण मनात त्या बाईच आहेत. सत्तरीला आलेल्या, एकट्या, उंच. तरुणपणी इंग्लंडमध्ये प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या. बोलणं कमी आणि तिखट. संध्याकाळचं जेवण त्या देतात, भाडं वाजवी घेतात, आणि मी खोलीत धूप लावला तर दारातून विचारतात, "काही जळतंय की कुणी येतंय?"

बाई रविवारी चर्चला जात नाहीत. त्या नेमबाजीच्या क्लबमध्ये जातात.

मला हे कळलं तेव्हा मी दादांना फोन केला होता. दादा आधी हसले, मग एकदम गंभीर झाले.

"पिस्तूल? घरात?"

"घरात तिजोरीत असतं. लायसन्स आहे, जुनं. त्या कागदावर गोळ्या मारतात, स्पर्धेसाठी."

"हे बघ, तू तिच्याबरोबर कुठे जाऊ नकोस. आपलं इथे राहायच्या परवानगीचं कार्ड म्हणजे काच आहे. एकदा तडा गेला की संपलं. तुला शिकायला पाठवलंय का डाकू व्हायला?"

"नाही जाणार, दादा."

पण मी गेले. कारण बाईंच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी एका रविवारी सकाळी विचारलं, "ती पिशवी गाडीपर्यंत उचलशील का? शिसं आहे, जड आहे." गाडीपर्यंत उचलली. मग म्हणाल्या, "तिकडे उतरवायला कोण आहे?" मला नाही म्हणता आलं नाही. मला इथे कुणालाच नाही म्हणता येत नाही. खोली गेली तर पुन्हा सोफा, आणि सोफा किती दिवस पुरतो हे मला कळलेलं होतं.

शहर सोडलं की दोन्ही बाजूंना तपकिरी दलदल लागते आणि वस्ती विरळ होत जाते. गाडीत बाईंनी मला त्यांची अडचण सांगितली. विकतच्या काडतुसांचा धक्का त्यांच्या मनगटाला आता सोसत नव्हता. त्यांना सौम्य काडतुसं हवी होती, नुसती सरावापुरती, कागदाला भोक पडलं की झालं. तशी बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून त्या स्वतः भरायच्या. आयर्लंडमध्ये हे घरी करता येत नाही. परवानगी असलेल्या क्लबच्या कुलूपबंद खोलीतच करावं लागतं आणि तिथे पाहुण्याने कशाला हात लावायचा नाही.

"मग मी काय करू?"

"खुर्चीत बस. बघ. कंटाळा आला तर अभ्यास कर."

ती खोली म्हणजे खिडकी नसलेलं एक स्वच्छ कोठार होतं. एक लांब टेबल, वर दिवा, भिंतीला लोखंडी कपाट. बाईंनी कपाटातून एक डबा काढला आणि झाकण उघडून मला लांबूनच दाखवला. आत करडे, बारीक, चकचकीत कण होते. मोहरीपेक्षाही लहान.

"ही काटकसरी पावडर," त्या म्हणाल्या. "चिमूटभर लागते. एक डबा वर्षभर जातो."

मला वास आला नाही. खाणीतल्या सुरुंगाच्या दारूला वास असायचा, वडिलांच्या सदऱ्याला तो कायम असायचा. वास नाही म्हटल्यावर मला उलट जास्त भीती वाटली. जणू कुणीतरी त्या वस्तूची ओळख पुसून टाकली होती.

त्यांचं पिस्तूल म्हणजे जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या काडतुसाची पितळी पुंगळी लांब, बोटाच्या दोन पेरांएवढी. बाई कामाबद्दल सांगताना मोकळ्या होतात. त्यांनी मला सांगितलं की ही पुंगळी फार जुन्या काळात काळ्या दारूसाठी बनवलेली होती. ती दारू जागा जास्त घ्यायची म्हणून पुंगळी लांब. आताच्या पावडरीची ताकद मोठी आणि जागा थोडी. त्यातून सौम्य काडतूस भरायचं म्हणजे एवढ्या लांब पुंगळीत तळाशी नुसता एक थर.

"मग वर सगळं रिकामं?"

"रिकामं. त्यात चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी पुंगळी भरत नाही. वर गोळी छान बसते. बाहेरून काही कळत नाही."

"आणि मग?"

"मग सौम्य राहत नाही," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मी विचारलं की कमी पडली तर. त्या म्हणाल्या, तेही वाईट. गोळी पिस्तुलाच्या नळीतच अडकते, माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, तो पुढचं झाडतो, आणि पुढच्या गोळीला जायला वाट नसते. हे त्यांनी भाजीत मीठ किती घालावं ते सांगावं तशा सुरात सांगितलं. मी माझ्या नोट्स मांडीवर उघड्या ठेवल्या होत्या, पण एकही ओळ वाचली नाही.

पावडर मोजून टाकायला टेबलाच्या कडेला एक यंत्र बसवलेलं होतं. वर पारदर्शक नळीत पावडर, बाजूला दांडा. दांडा खाली ओढला की ठरलेलं माप खालच्या पुंगळीत पडतं, आणि दांडा वर जाताना एक ठोका ऐकू येतो. पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या, दहाच्या पाच ओळी. बाई पहिल्या काही मापांचं वजन छोट्या काट्यावर करून बघत होत्या, मग सलग भरत होत्या. मी ऐकत होते. ठोका, ठोका, ठोका. मी मोजते आहे हे मला पहिल्या ओळीच्या शेवटी कळलं. दहा पुंगळ्या, दहा ठोके. दुसरी ओळ दहा.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर दार वाजलं. रेंजवर देखरेख करणारे एक जाडजूड गृहस्थ डोकावले. ते आत आले नाहीत आणि बाहेरही राहिले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले.

"ऐकलंस का, डोंगरापलीकडचा तो म्हातारा गेला."

"कुठला? मेंढ्यांवाला?"

"नाही गं, त्याचा चुलतभाऊ. ज्याची बायको लेटरकेनीची."

"ती आधीच गेली ना?"

"ती नाही, तिची बहीण."

असं बराच वेळ चाललं. प्रेतयात्रा कधी, शवपेटी घरी ठेवणार की नाही, मुलगा ऑस्ट्रेलियातून पोचेल का. मग गृहस्थ म्हणाले, "बरं तर, येतो," आणि गेले नाहीत. पुन्हा "बरं तर". आमच्याकडेही पाहुणे दारात उभं राहून खरी गोष्ट काढतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. बाईंचा हात मात्र सगळा वेळ दांड्यावर होता. त्या मधे हसल्या. मग ते एकदाचे गेले, दार लागलं आणि बाईंनी पुन्हा सुरुवात केली. ओळ संपली.

माझ्या डोक्यात अकरा होते.

मी स्वतःला म्हटलं, तू चुकलीस. बोलणं चालू होतं, हसणं होतं, दार वाजलं तेही तू मोजलं असशील. चौथी ओळ दहा. पाचवी दहा. बाईंनी दिवा खाली ओढून एकेका पुंगळीत पाहिलं. मग डोळे चोळले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशनची तारीख मिळायची आहे.

"तू बघ गं. हात लावू नकोस, नुसतं वरून बघ. तुझे डोळे तरुण आहेत. सगळ्यांत सारखी दिसते का?"

मी उठून ठोकळ्यावर वाकले. पन्नास काळी भोकं. तळाशी काहीतरी करडं, कुठे जरा जवळ, कुठे जरा लांब, पण ते दिव्याच्या कोनामुळे की खरंच, ते मला सांगता येईना. मी तिसरी ओळ परत पाहिली. तिथेही तसंच. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना दुखत होतं, हे त्यांच्या मनगट धरण्यावरून दिसत होतं. परीक्षेच्या बाकावर बसल्यासारखं मला झालं.

"ग्रँड," मी म्हणाले.

इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात. चहा कसा, ग्रँड. पाऊस थांबला का, ग्रँड. पडलीस का, नाही, ग्रँड. मी तो शब्द सगळ्यांत आधी शिकले होते कारण तो म्हटला की समोरचा पुढे काही विचारत नाही.

बाईंनी गोळ्या बसवल्या. एकेक काडतूस पूर्ण होऊन बंद होत गेलं आणि एका पिवळ्या पेटीत जाऊन पडलं, कुठलं काडतूस कुठल्या ओळीतलं ते कळण्याची सोय उरली नाही. मनगट दुखत होतं म्हणून त्या दिवशी त्यांनी नेम धरला नाही. पेटी कपाटात, कुलूप. "पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर मी प्रत्येक चौकात बोलायचं ठरवलं. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडायचे आणि बाई म्हणायच्या, "काय गं?" आणि मी म्हणायचे, "काही नाही, ती मेंढी बघितली." घरापर्यंत मी पुष्कळ मेंढ्या बघितल्या.

खोलीत येऊन मी वडिलांना फोन लावला. तिकडे जेवणं चालली होती. वडिलांना एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे ते फोनवर ओरडतात आणि मलाही ओरडावं लागतं. बाई खाली होत्या. मराठी त्यांना कळत नाही, तरी मी उशीत तोंड घालून बोलत होते.

"बारूद?" वडील म्हणाले. "कसली बारूद? तू दवाखान्याचं शिकायला गेलीस ना?"

मी सगळं सांगितलं. आधी तुकड्यातुकड्याने, मग एकदम.

"तू हात लावला का?"

"नाही, अण्णा."

"आत्ता ती काडतुसं कुटं हायत?"

"क्लबमध्ये. कुलपात."

"मग तू बाजूला हो. तिचं ती बघंल. खोली बदल."

"कुठे बदलू? खोल्या नाहीत इथे."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. आईने काहीतरी विचारलं, वडिलांनी तिला गप्प केलं. मग ते हळू बोलले, आणि त्यांचं हळू बोलणं मला फारसं ओळखीचं नव्हतं.

"आमी दगूड फोडला तो तू ह्याच्यापासनं लांब जावीस म्हणून. इतकं लांब गेलीस आन् पुन्हा त्येच."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मी तिला ग्रँड म्हणाले, अण्णा." त्यांना तो शब्द कळला नाही. मी समजावलं नाही.

संध्याकाळी बटाटे आणि कोबी होती. बाई जेवताना रेडिओ लावतात. मी रेडिओवरचं गाणं संपायची वाट पाहिली, मग बातम्या संपायची. माझी वरची खोली मला जेवणाच्या टेबलावरूनही दिसत होती, मनात. खिडकीखालचा हीटर, दोरीवर वाळणारे माझे मोजे. हे सगळं मी एका वाक्याने घालवणार होते.

"मला एक सांगायचं आहे. कदाचित चूक असेल."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. अजून."

बाईंनी रेडिओ बंद केला.

मी म्हणाले, "सकाळी मी ग्रँड म्हटलं ना, मला काही दिसलं नव्हतं. आत अंधार होता. कमी की जास्त ते कळत नव्हतं. आणि ते गृहस्थ दारात होते त्या ओळीला मी अकरा ठोके मोजले. पुंगळ्या दहा होत्या."

"मोजलेस? कशाला?"

"सवय आहे."

"मी इंग्लंडमध्ये हे शिकले तेव्हा तुझी आई शाळेत होती."

माझी आई शाळेत गेलेली नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. बाईंनी काटा ताटात आडवा ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग तो रंग हळूहळू उतरला. त्यांनी उठून आपलं ताट धुतलं, ओल्या हातानेच कपाटात ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी वर जाऊन फोनवर खोल्यांच्या जाहिराती पाहिल्या. एक होती, त्यात दोन बायकांनी एक पलंग पाळीपाळीने वापरायचा होता.

सकाळी मी कॉलेजला निघाले तर बाई कोट घालून, पिस्तुलाची पिशवी घेऊन खाली उभ्या. "पहिला तास महत्त्वाचा आहे?"

"नाही," मी म्हणाले. होता.

"मग बस गाडीत."

क्लबचं फाटक त्या जाडजूड गृहस्थांनी उघडलं. बाईंनी काच खाली करून सांगितलं, "ही पोरगी म्हणते अकरा."

"कशाचे अकरा?"

"माझ्या ठोक्यांचे. तू दारात बडबडत होतास तेव्हाचे."

गृहस्थांनी माझ्याकडे वाकून पाहिलं. "जनगणनेत कामाला आहेस का, पोरी?"



त्यांनी पेटी काढली. बंद काडतूस उघडायला हातोडीसारखं एक प्लास्टिकचं हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी सुटून पावडरीसकट आतल्या पोकळीत पडते. बाईंच्याने ठोकवेना म्हणून ते गृहस्थच ठोकत होते. बाई पावडर काट्याच्या ताटलीत ओतायच्या आणि मी खुर्चीतून आकडा वाचायचे. तेवढं मला करू दिलं. आकडा दर वेळी तोच, फार तर शेवटचा अंक इकडेतिकडे.

अर्ध्या पेटीपर्यंत मला एकच भीती होती, की पुढच्या काडतुसात दुप्पट निघेल. मग पेटी रिकामी होत चालली आणि भीती उलटी झाली. नाही निघालं तर? या दोघांचा दिवस, बाईंचं मनगट, माझी खोली. मी मनातल्या मनात म्हणायला लागले, एक तरी निघू दे. आणि मग मला माझीच भीती वाटली. एका म्हातारीच्या हातात फुटू शकेल अशी गोष्ट खरंच असावी असं मी मागत होते, केवळ मी खोटी पडू नये म्हणून.

शेवटचं काडतूस. तोच आकडा.

गृहस्थांनी हत्यार टेबलावर ठेवलं आणि हाताची बोटं मोडली.

"एखादं माप मी परत वर नळीत ओतलं असेल," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "दांडा बराच वेळ थांबला की पहिलं माप मी टाकून देते. हात करतो ते. मला आठवत नाही."

"मला माफ करा," मी म्हणाले. "मी चुकले."

"तू मोजण्यात चुकलीस की नाही ते मला माहीत नाही. आठवत नाही म्हटलं ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माफी मागायचीच असेल तर त्या ग्रँडची माग. मी त्याच्यावर भरवसा ठेवून पेटी बंद केली."

मी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही. त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडे ती दुसरी पावडर आहे ना? फुगीर?"

"ती? अगं, काजळी धरते. यंत्रात अडकते. डबा बघता बघता संपतो."

"आण."

दुसऱ्या डब्यातली पावडर वेगळी दिसत होती. मोठे, पातळ पापुद्रे, हलके, पोह्यांच्या चुऱ्यासारखे. बाईंनी पावडर बनवणाऱ्यांचं छापील पुस्तक उघडून सौम्य काडतुसासाठी दिलेलं सगळ्यांत कमी माप पाहिलं, दोनदा पाहिलं, गृहस्थांकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मग यंत्र रिकामं करून ही पावडर भरली, माप जुळवलं, वजन केलं. एका पुंगळीत माप टाकलं. पावडर अर्ध्याच्याही वर आली.

मग त्यांनी पुंगळी कोऱ्या कागदावर ठेवली आणि मुद्दाम दुसरं माप टाकलं. पुंगळी तोंडापर्यंत भरली आणि पापुद्रे कडेवरून कागदावर सांडले.

"तिथूनच बघ," त्या मला म्हणाल्या. "दिसलं?"

"दिसलं."

"खरंच, की ग्रँड?"

"दिसलं. बाहेर सांडलंय."

बाईंनी पुंगळी आणि कागद दोन्ही परत डब्यात रिते केले. मग दोन्ही डबे टेबलाच्या टोकाला शेजारी शेजारी ठेवले, झाकणं लावून.

"आता तू सांग. कुठली?"

"मला यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर विचारते. मला दोन्ही जमतात, निदान जमायच्या. माझा डोळा असा आहे, आणि हा बोलबच्चन दर रविवारी दारात येणार आहे."

"मी?" गृहस्थ म्हणाले.

मी फुगीर पावडरीकडे बोट केलं. आतापर्यंत मी घाबरलेली पाहुणी होते. आता त्या काडतुसात माझाही हात होता, कशालाही न शिवता. काजळी, अडकणं, कमी पडणं, त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वाईट माझ्या बोटाच्या टोकाशी येऊन बसलं.

बाईंनी पाच भरली, फक्त पाच. भरताना दार आतून लावून घेतलं होतं आणि गृहस्थांना तोंड मिटून बसायला सांगितलं होतं. प्रत्येक पुंगळीत मी वरून पाहिलं. प्रत्येक वेळी मला पावडर दिसली, सारखी, जवळ. पाचव्या वेळी मी थोडा वेळ जास्त घेतला. बाई थांबल्या.

रेंजवर वारा होता. गृहस्थांनी माझ्या डोक्यावर कान झाकायचं अडकवलं आणि त्याआधी सांगितलं, "इथे काही वेडंवाकडं वाटलं तर कुणीही हात वर करून ओरडायचं. कुणीही. पाहुण्यानेही. ओरडलं की सगळं थांबतं, आणि नंतर कुणी कुणाला हसत नाही." मग स्वतःच म्हणाले, "हसतो, पण चहाच्या वेळी."

बाई रेषेवर उभ्या राहिल्या. रिव्हॉल्व्हर ऑपरेशन झालेल्या हातात, खालून दुसऱ्या हाताचा आधार. मी त्यांच्या मागे, बऱ्याच अंतरावर. पहिला आवाज झाला, पण तो लहान होता. बाईंचा हात जेमतेम हलला. दुसरा तसाच.

तिसरा मला बारीक वाटला. कमी. कुणीतरी उशीखाली टाळी वाजवावी तसा. बाईंचं बोट पुन्हा चापावर जाताना मला दिसलं.

"थांबा!" मी ओरडले.

मराठीत. हात वर. इंग्रजी शब्द मला सुचलाच नाही. पण हात वर होता, आणि गृहस्थांनी माझ्यापाठोपाठ ओरडून ते त्यांच्या भाषेत केलं. बाईंनी चापावरून बोट काढलं. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, मागे न वळता, बराच वेळ. मग रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, गृहस्थांनी मागच्या बाजूने दिवा धरला आणि दोघांनी नळीत पाहिलं.

नळी मोकळी होती. समोरच्या कागदावर तीन भोकं होती.

मी हात खाली घेतला. चहाच्या वेळी काय ऐकावं लागेल ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं. बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या बोटांवर काजळी होती. त्यांनी माझ्या कानावरचं एका बाजूने उचललं.

"वाऱ्यामुळे तसा वाटला असेल. किंवा नसेल."

"माफ करा."

"पुन्हा वाटलं तर पुन्हा ओरड," त्या म्हणाल्या. "त्या मघाच्याच शब्दात. तो आता सगळ्यांना कळला आहे."

त्या परत रेषेवर गेल्या. उरलेली दोन काडतुसं त्यांनी घातली, हात उचलला, आणि मी डोळे उघडे ठेवून उभी राहिले. माझा हात खिशात जात नव्हता. तो खांद्याइतका वर येऊन तिथेच थांबला होता.